थकलेल्या बाईने निंबाखाली का बसावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी समुपदेशनाचं काम करते. त्याआधी चौदा वर्षं शाळेत शिकवत होते, आणि शेवटच्या दोन वर्षांत इतकी आटून गेले होते की वर्गातल्या मुलांची नावं आठवत नसत. त्यातून बाहेर पडताना दवाखाना, गोळ्या, बिनपगारी रजा हे सगळं झालं. पण पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेतला तो भावाच्या मळ्यात, विहिरीजवळच्या निंबाखाली. आता दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जणी जमतो. तिथे आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत.

मी नुसती दमले आहे की हे काही वेगळं आहे?

साधा थकवा झोपेने उतरतो. दिवसभर कापूस वेचलेली बाई दोन रात्री नीट झोपली की तिसऱ्या दिवशी ताजी होते. हा थकवा झोपून उठल्यावरही तिथेच असतो. आवडती भाजी बेचव लागते, मुलाने हाक मारली तरी अंगावर काटा येतो, फोन वाजला की छातीत धस्स होतं. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी हे चार शब्दांत सांगितलं होतं: "मना जीव लागत नही." माझ्या मते यापेक्षा नेमकं लक्षण कुठल्या पुस्तकात नसेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'चं वर्णन आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घातलं, पण आजार म्हणून नाही; कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न सावरता आल्याने येणारी अवस्था म्हणून. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

इथे माझी एक तक्रार आहे. ही व्याख्या नोकरीपुरतीच आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या देशातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांचे ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास बिनपगारी, बिनसुट्टीचं काम, आणि सासूबाईंचं आजारपण किंवा मुलांचा अभ्यास याचा हिशोब वेगळाच. नोकरी करणारीची ही दुसरी पाळी आणि घरी असणारीची एकच, न संपणारी. व्याख्येत बसो न बसो, थकवा खरा आहे.

आधी डॉक्टर की आधी झाड?

आधी डॉक्टर. यात वाद नको. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब १२ आणि ड जीवनसत्त्व, साखर, रक्तदाब एवढं तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तच कमी असेल तर निंबाखाली वर्षभर बसून उपयोग नाही. चाळिशी ओलांडली असेल तर पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांतले बदलही झोप आणि मन दोन्ही बिघडवतात; तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. लाजून 'अंग दुखतं' एवढंच सांगितलं की हातात वेदनाशामक गोळी पडते.

आणि जगणंच नकोसं वाटत असेल, रात्र रात्र झोप नसेल, जेवण सुटलं असेल, तर हे पान बाजूला ठेवून १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका, बरं वाटायला लागलं तरीही.

झाडाखाली बसून खरंच काही होतं, की ही मनाची समजूत?

मलाही आधी समजूतच वाटायची. मग शोधत गेले.

१९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या समोर विटांची भिंत होती. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण होते फक्त ४६, पण तिथून या विषयाला वाट फुटली. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्येच 'शिनरिन-योकु' म्हणजे वनस्नान हा शब्द आणला होता. नाव स्नान असलं तरी पाण्याशी संबंध नाही. रानात जायचं, हळू चालायचं, वास घ्यायचा, ऐकायचं.

शरीरात काय होतं? ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. संकट टळलं की ते उतरायला हवं. पण ज्या बाईचं संकट पहाटे पाचला दुधाच्या पातेल्यापासून सुरू होऊन रात्री अकराला ओट्यावर संपतं, तिचं उतरणार कधी? २०१९ मध्ये मिशिगनमधल्या एका अभ्यासात शहरी लोकांना आठवड्यातून तीनदा हिरवळीत वेळ घालवायला सांगून लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. २० ते ३० मिनिटांच्या बैठकीत ते सगळ्यात झपाट्याने खाली आलं. त्यानंतरही फायदा होत राहिला, पण संथपणे. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. ही पाहणी आहे, पुरावा नव्हे. मुळात ठणठणीत माणसंच जास्त बाहेर पडत असतील, असंही असू शकतं.

मला स्वतःला सगळ्यात पटलं ते रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं. लक्ष दोन प्रकारचं असतं. एक ओढून लावायचं: हिशोब, पेपर तपासणं, गॅसवरचं दूध. ते वापरून वापरून झिजतं. दुसरं आपोआप जाणारं: खार खोडावरून पळाली, पान गळालं, ढगाची सावली शेतावरून सरकली. हे दुसरं चालू असताना पहिल्याला विसावा मिळतो. खार तुमच्याकडे काही मागत नाही. झाडाखाली कुणी 'अगं ऐकतेस का' म्हणत नाही. माझ्या अनुभवात अर्धं औषध झाडाचं आणि अर्धं या न मागण्याचं.

स्वीडनमध्ये आल्नार्प इथे कृषी विद्यापीठाची एक बाग आहे, खास दीर्घ ताणाने खचलेल्या लोकांसाठी. येणाऱ्यांत बायकाच जास्त. बागेसोबत तिथे मानसोपचार आणि प्रशिक्षित माणसंही असतात, नुसती झाडं नाहीत. सुरुवातीला कुणावर काही करायची सक्ती नसते. हातात खुरपं नंतर येतं, तेही वाटलं तर.

आम्ही तर रोज शेतातच असतो. मग आम्हाला का नाही बरं वाटत?

हा प्रश्न मला यावल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारला तेव्हा मी गप्प झाले होते. त्या केळीच्या बागेत मजुरीला जातात. म्हणाल्या, "ताई, तुमचं ते निसर्ग-निसर्ग माझ्या पाठीवर आहे."

खरं आहे. डोक्यावर घड घेऊन चालणाऱ्या बाईला केळीची हिरवाई दिसत नाही, वाफ्यातला चिखल दिसतो. कापूस वेचताना बोटांना बोंडांची टोकं टोचतात आणि मजुरी किलोवर असते. आभाळाकडे बघितलेल्या मिनिटाचे पैसे जातात. शहरातली बाई 'रानात गेलं की किती शांत वाटतं' म्हणते, ते रान तिच्यावर काही मागत नाही म्हणून. मजुरणीवर ते सगळंच मागतं.

त्यामुळे शेतात राबणाऱ्या बाईला 'निसर्गात जा' हा सल्ला देणं म्हणजे स्वयंपाकिणीला 'ओट्याजवळ उभी राहा, बरं वाटेल' म्हणण्यासारखं. तिला आधी लागते ती सुट्टी, पाठ टेकायला सावली, आणि पोटभर जेवण. त्या ताईंनी मग स्वतःच मार्ग काढला. दुपारी भाकरी खाऊन झाली की सगळ्या जणी पाटचारीत पाय सोडून बसतात. पंधरा मिनिटं. त्या वेळात मुकादमाचं नाव काढायचं नाही, पोरांच्या लग्नाचं बोलायचं नाही. वाहत्या पाण्यात पाय, एवढंच. मळा तोच, मजुरीही तीच, पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे डोकं 'जरा हलकं' झालं. मी यात काहीच केलं नाही, फक्त ऐकलं.

शेत स्वतःचं असेल तर गोष्ट आणखी अवघड. बांधावर बसलं तरी नजर बोंडअळी शोधते. अशा वेळी दुसऱ्याच्या शेतात जाऊन बसा. हसू नका, उपयोग होतो.

उन्हाळ्यात काय करायचं? इथे तर घराबाहेर पाय ठेवता येत नाही.

जपान-स्वीडनचे सल्ले जसेच्या तसे घेतले तर मे महिन्यात उष्माघातच व्हायचा. जळगाव, भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. आमच्या रविवारच्या बैठका एप्रिलपासून पहाटे साडेपाचला सुरू होतात आणि सातला उरकतात.

उन्हाळ्याचं आपलं स्वतःचं औषध मात्र आहे, ते म्हणजे रात्र. पूर्वी धाब्याच्या घरांवर अंथरुणं टाकून अख्खी आळी झोपायची. आता गच्ची आहे, पण तिथे पाण्याच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्या. तरी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, रात्री नऊनंतर खाट किंवा सतरंजी टाका, दिवा बंद ठेवा, आणि फोन खाली घरात ठेवून या. अर्धा तास आभाळ बघणं हेसुद्धा निसर्गात जाणंच आहे. झोपही लवकर लागते, कारण उजेड आणि फोनचा पडदा दोन्ही नसतात.

मृगाचा पहिला पाऊस काळ्या मातीवर पडतो तेव्हा खिडक्या लावायला पळू नका. पाच मिनिटं दारात उभ्या राहा. तो वास मातीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि माणसाच्या नाकाला तो अगदी कणभरही कळतो. भिजलेले कपडे नंतर पुन्हा धुता येतात. हिवाळा आपल्याकडे सगळ्यात चांगला. धुळ्याकडे पारा एक अंकी होतो, तेव्हा सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात भिंतीला टेकून बसायचं. ड जीवनसत्त्व मिळेल का, हा हिशोब तेवढा वेळ सोडा.

लोक रिकामटेकडी म्हणतील. सासूबाई तर म्हणतीलच.

म्हणतील. मग त्यांना आखाजीची आठवण करून द्या.

वैशाखातली अक्षय्य तृतीया उरलेल्या महाराष्ट्रात सोनं खरेदीचा दिवस झाली आहे. खानदेशात ती आखाजी आहे, सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या मोठ्या फांदीला दोर टाकून झोके बांधले जातात, आणि बाया उंच उंच झोके घेत गाणी म्हणतात. गाण्यांत सासरचं गाऱ्हाणंही येतं, तेही मोठ्या आवाजात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस आई-वहिनी करतात, लेकीने फक्त खायचं. (त्या वहिनीला सुट्टी कधी, हा प्रश्न मात्र सणाने सोडवलेला नाही. ती आपल्या माहेरी जाईल तेव्हा.) पुरुष तिकडे पत्ते कुटतात, त्यांना कुणी रिकामटेकडे म्हणत नाही.

म्हणजे झाड, झोका, मैत्रिणी, मन मोकळं करणं आणि कामातून सुटका, हे सगळं आपल्या आज्यांनी एका सणात बांधून ठेवलं होतं. बाईला निवांतपणा लागतो हे खानदेशाला माहीत होतं. आपण तो वर्षातून एकदा आणि आता तोही व्हॉट्सअॅपवरच्या शुभेच्छांपुरता केला. माझं म्हणणं एवढंच की आखाजीचा एक तुकडा दर आठवड्याला घ्या. सासूबाईंना हे असं सांगितलं की बऱ्याच जणी विरघळतात. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई तर आता तिच्यासोबत येतात आणि तिच्यापेक्षा जास्त वेळ बसतात.

किती वेळ आणि नेमकं करायचं काय?

आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं. काही करायचं नाही. चपला काढा, बसा, टेका. एक झाड निवडलं तर दर वेळी तिथेच जा. महिन्याभरात त्याची पानं, मुंग्यांची रांग, त्यावर येणारी पाखरं ओळखीची होतात. फोटो काढायचा असेल तर निघताना एकच.

पावलं मोजू नका. मोजणं आलं की ते काम झालं, आणि कामाला कमी आहे का?

शांत बसले की उलट जास्तच घाबरायला होतं. रडू येतं.

असं होतं. वर्षानुवर्षं धावणारं मन थांबलं की मागे पडलेलं सगळं येऊन गाठतं. डोळे मिटू नका, उघडे ठेवा. बसण्यापेक्षा हळू चाला. हातात काहीतरी घ्या: ओली माती, खडा, निंबाची काडी. रडू आलं तर येऊ द्या, पण दर वेळी तसंच होत असेल, छाती धडधडत असेल, जुना एखादा प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, तर हे एकटीने रेटू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

मी फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. माझं काय?

एक कुंडी आणि मूठभर मेथीदाणे. रात्री भिजवा, सकाळी पेरा, तीन-चार दिवसांत कोंब वर येतात. थकलेल्या मनाला लवकर दिसणारं काहीतरी लागतं. आंब्याची कोय लावून पाच वर्षं वाट बघणं नंतर कधीतरी. उन्हाळ्यात मोगरा, बारमाही तुळस. दोन-तीन कुंड्यांवर जाऊ नका. पंचवीस कुंड्या झाल्या की त्यांना पाणी घालणं हे सव्विसावं काम होतं, आणि गावाला जाताना शेजारणीला विनवण्या. कुंडी मेली तर मेली. ते तुमच्या संसाराचं प्रगतिपुस्तक नाही.

एखाद्या दिवशी लांब जायचं असेल तर कुठे?

जळगावकरांना मेहरूण तलाव आहेच, सकाळी लवकर. धुळ्याला नकाणे तलाव. एरंडोलजवळ पद्मालयाला गणपतीचं देऊळ आणि कमळांचं तळं. चतुर्थी टाळून गेलात तर बसायला जागा मिळते. चाळीसगावकडून पाटणादेवी, गौताळा औट्रमघाट अभयारण्यातली. पावसाळ्यानंतरचे दोन महिने तिथला डोंगर हिरवागार असतो. रावेर तालुक्यातलं पाल हे सातपुड्यात, यावल अभयारण्याला लागून. पाखरं आवडत असतील तर हिवाळ्यात हतनूर धरणाचा जलाशय, बाहेरून आलेले पक्षी तिथे उतरतात. आणि दोन दिवस काढता आले तर नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ, हजार मीटरहून उंच, यशवंत तलावाच्या काठी. माझं मत विचाराल तर पाटणादेवी. पण सहलीला जायचं म्हणून आदल्या रात्री वीस माणसांच्या दशम्या करत बसणार असाल, तर घरामागचा निंब बरा.

एकटीने जाणं सुरक्षित आहे का?

दोघी-तिघी जा. यावल, चाळीसगाव भागात बिबट्याचा वावर असतो. पहाटे अंधारात केळी-उसाच्या कडेला बसू नका. पावसाळ्यात गवतात बूट घालूनच चाला, दगड उलटू नका. नदीच्या, धरणाच्या पाण्यात उतरू नका. माणसांची भीती जास्त असते हे मला माहीत आहे. म्हणून गावाबाहेरच्या सुंदर जागेपेक्षा शाळेच्या मैदानातलं साधं झाड मी केव्हाही निवडेन.

उनपदेवच्या गरम पाण्याने हा थकवा जातो का?

चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, आणि गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात. मनाचा थकवा जातो असा पुरावा नाही. तरी जाऊन या, छान वाटतं. रक्तदाब कमी असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अश्वगंधा घेऊ का?

काही छोट्या चाचण्यांत ताण आणि झोपेवर थोडा चांगला परिणाम दिसला आहे. पण 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हे खोटं आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाजारातल्या पुड्यांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

किती दिवसांत बरं वाटेल?

त्या दिवशीपुरतं हलकं वाटणं पहिल्याच आठवड्यात येऊ शकतं. पूर्ववत व्हायला महिने जातात, मला दीड वर्ष लागलं. विहीर तळापर्यंत उपसली आणि मोटर तरी चालूच ठेवली, तर मोटर जळते. बंद केली तरी पाझर एका रात्रीत फुटत नाही. आणि मोटर बंद करणं म्हणजे कामं कमी करणं, रजा मागणं, घरात वाटणी करणं. वरिष्ठ तेच, बदलीची धमकी तीच, घरातली कामंही तेवढीच राहिली, तर रविवारचं झाड सोमवारच्या दुपारपर्यंत पुरतं.

बायकोला हा त्रास आहे. मी काय करू?

हा प्रश्न विचारणारे पुरुष हल्ली वाढलेत, बरं वाटतं. 'फिरून ये, बरं वाटेल' एवढं म्हणून थांबू नका. ती गेलेल्या वेळात भांडी घासा, मुलाला अंघोळ घाला, आणि 'मिठाचा डबा कुठे आहे' असं विचारायला तिला फोन करू नका. शोधा, ओट्याच्या वरच असतो.

तुमच्या रविवारी यायचं असेल तर? फी किती, काय आणायचं?

फी नाही. पाण्याची बाटली, बसायला जुनी सतरंजी, आणि डास असतील तर अंगभर बाह्यांचे कपडे. डबा आणू नका. पहिल्या दोन रविवारी प्रत्येकीने काहीतरी आणलं, एकीने भरीत आणि कळण्याच्या भाकरी, दुसरीने बारा जणींना पुरेल एवढा उपमा; सगळा वेळ वाढण्यात, आग्रहात आणि 'तुझ्यासारखं मला जमत नाही' म्हणण्यात गेला. आता कुणीतरी एक जण शेंगदाणे-गुळाची पिशवी आणते. ती मधोमध ठेवतो आणि ज्याला हवं तो हात घालतो.